प्रत्यय, छुटकी आणि पंधरा दिवसांची मुदत

शब्दांनी मिटत नाही असं भांडण नसतं, असं मानणारा मी माणूस आहे. चोवीस वर्षं अमरावतीच्या एका शाळेत मराठी शिकवतो आहे आणि त्या काळात मुलांची, पालकांची आणि एकदा तर दोन मुख्याध्यापकांची भांडणं मी निव्वळ बोलून मिटवली आहेत. पण एक पक्ष भुंकणारा आणि दुसरा फिस्कारणारा असेल तर काय करावं, याबद्दल बी.एड.च्या अभ्यासक्रमात एक ओळसुद्धा नव्हती. ती असायला हवी होती, हे माझं मत मी लेखी कळवणार आहे.

झालं असं की ऑगस्टमध्ये आई न्हाणीत घसरून पडली. ती अकोल्याला एकटी राहते. शेजारच्या बाईला हाक ऐकू जाईपर्यंत तासभर तशीच पडून होती. हाड मोडलं नाही, पण तो तास माझ्या डोक्यातून जाईना. मी दर रविवारी अकोल्याला जायचो, आमच्याकडे चल म्हणायचो, आणि ती मला वांग्याची भाजी खाऊ घालून परत पाठवायची. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत तिनं फोन केला.

"पंधरा दिवस येऊन पाह्यतो," ती म्हणाली. "छुटकीचं तुह्या कुत्र्यासंगं जमलं तं राह्यतो. नाई तं सोळाव्या दिवशी मले अकोल्याच्या गाडीत बसवून द्यायचं. मंग तू काई बोलायचं नाई."

आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी येतो, मी पाहतो' असंच म्हणतात. आईला यातलं व्याकरण समजावण्याचा प्रयत्न मी एकदा केला होता. एकदाच.

छुटकी म्हणजे तिची मांजर. बाबा गेल्यावर चौथ्या महिन्यात खिडकीतून आत आली आणि बाबांच्या खुर्चीत बसली, ती अजून उठलेली नाही. आई तिच्याशी जेवढं बोलते तेवढं माझ्याशी कधी बोललेली नाही. आमचा कुत्रा म्हणजे प्रत्यय. तो कुणाच्याही मागे लागतो म्हणून मी त्याचं नाव प्रत्यय ठेवलं. हा विनोद समजावून सांगावा लागतो, हे मला मान्य आहे. शेजारचे नत्थुजी त्याला 'परत्या' म्हणतात आणि तो माझ्या हाकेपेक्षा त्या हाकेला लवकर येतो. त्याला राखणीचं जे काही शिक्षण मिळालं ते नत्थुजींनीच दिलं. आमच्या दोघांच्या सामाईक भिंतीलगत पेरूचं झाड आहे. पेरू, म्हणजे इथल्या भाषेत जाम. जाम पिकले की अकराच्या सुमारास वांदरं येतात. त्या वेळी मी शाळेत असतो, माझी बायको दीपमाला दवाखान्यात ड्युटीवर असते, आणि नत्थुजी एसटीतून निवृत्त झाल्यामुळे भिंतीपलीकडे खाट टाकून पडलेले असतात. ते तिथूनच प्रत्ययला इशारा करतात आणि तो वांदरांना हाकलतो. एवढं मला ऐकून माहीत होतं.

पहिल्या दिवशी आई टोपली घेऊन उतरली. प्रत्ययनं टोपली हुंगली, एकदा शिंकला आणि जाऊन खुर्चीखाली आडवा झाला. छुटकी बाहेर आली, तिनं घर पाहिलं आणि शिवणयंत्रावर जागा धरली. माझा ऊर भरून आला. दीपमालाला मी म्हटलं सुद्धा, संस्कार दिसतात. ती म्हणाली, जेवणाची वेळ होऊ द्या.

जेवणाची वेळ झाली. आईनं वाटीत दूधपोळी कुस्करली, खाली ठेवली आणि लाडानं लांबवून हाक मारली, "छूऽऽ, ये व माय, छूऽऽ." छुटकी यंत्रावरून उतरली. त्याच क्षणी खुर्चीखालून प्रत्यय सुटला. छुटकी फ्रिजवर गेली, फ्रिजवरचा चिवड्याचा डबा खाली आला, आणि मी दोघांच्या मधे पडायला गेलो तो चिवड्यावरून घसरून सरळ आईच्या पायाशी. प्रत्यय फ्रिजखाली उभा राहून चार वेळा भुंकला आणि मग शेपटी हलवत आमच्याकडे पाहायला लागला, जसं काही आता कोणीतरी त्याची पाठ थोपटणार होतं. इतका निर्लज्जपणा मी दहावी 'क'मध्येही पाहिलेला नाही.

"एक दिवस झाला," आई म्हणाली आणि मला उठायला हात दिला.

दीपमाला नर्स आहे, त्यामुळे तिला कारण लागतं. तिचं निदान असं की कुत्र्याला अन्नाचा मत्सर आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्ययला आधी जेवू घातलं. पोट तुडुंब झालं, ढेकर दिला, झोपला. मग आईनं छुटकीला हाक मारली आणि तो भरल्या पोटी धावला. तिसऱ्या दिवशी छुटकीला आधी. तोच प्रकार. चौथ्या दिवशी छुटकीची वाटी आतल्या खोलीत ठेवून दार लावलं, तर त्यानं दाराचा खालचा रंग खरवडून काढला.

एव्हाना बातमी गल्लीत पसरली होती. समोरच्या रुख्मिणीताई आल्या आणि म्हणाल्या की नजर लागली आहे, मीठ-मिरची उतरवून टाका. आई म्हणाली, "आमच्यात हे नाई करत." मग रुख्मिणीताईंनी दुसरा उपाय दिला, दोघांना एका ताटात जेवू घाला, खाल्ल्या मिठाला जागतील. मिठावर त्यांचा फार विश्वास असावा. नत्थुजी भिंतीवरून म्हणाले, "सर, हा सारा जागेचा लफडा हाये. परत्या म्हणते मी पह्यले बसलो, रिझर्व्हेशन माह्यं. तुमी मांजरीले एक सीट ठरवून द्या." त्यांनी आयुष्यभर एसटीत वाहकी केली आहे आणि जगातला प्रत्येक प्रश्न त्यांना सीटचाच वाटतो. मी तरीही जुन्या सतरंजीचे दोन तुकडे करून दोघांच्या जागा ठरवल्या. दोघांपैकी कोणीही तिकडे फिरकलं नाही. त्यावर मी एक दुपार झोपलो.

पुण्याहून आमची मुलगी पिंकी रोज सकाळी व्हिडिओ पाठवायची. त्यात एक हसतमुख बाई सांगत होती की प्राण्यांना आधी एकमेकांचा वास ओळखीचा करून द्यावा. एक पंचा कुत्र्याला पुसा, एक मांजरीला पुसा आणि अदलाबदल करा. शास्त्रीय गोष्ट होती. मी दोन पंचे आणले, एक हिरव्या काठाचा कुत्र्याचा आणि एक लाल काठाचा मांजरीचा, आणि दोरीवर टाकले. तिसरा पंचा माझा होता, त्यालाही लाल काठ होता. पुढचं सांगायला नको. दोन दिवस छुटकी माझ्या मांडीवरून हलेना आणि प्रत्यय माझ्याकडे संशयानं पाहत राहिला. आई दीपमालाला म्हणाली, "गोपालचं जमलं वाट्टे तिच्यासंगं. आता कुत्र्याचं राह्यलं."

संध्याकाळी आई त्रिसरण-पंचशील म्हणते. सहाव्या दिवसापासून तिनं प्रत्ययला समोर बसवून म्हणायला सुरुवात केली. प्राण्यांना इजा करणार नाही, हे पहिलं शील ती त्याच्याकडे पाहून सावकाश म्हणायची. तो मान तिरकी करून सगळं ऐकायचा. त्याच्या चेहऱ्यावर इतका समंजस भाव असायचा की मला पुन्हा आशा वाटायची. मग जेवणाची वेळ व्हायची.

आठव्या दिवशी दोघांना जनावरांच्या दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या गृहस्थांनी कागद पुढे ओढला.

"कोनतं जनावर?"

"एक कुत्रा, एक मांजर."

"कुत्रा लिवतो. मांजराचा रकाना नाई यात." त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा, कोंबडी. शेळीत टाकू का?"

मी म्हटलं, मांजर शेळीत कशी टाकता येईल. ते म्हणाले, मग कोंबडीत टाकतो, पण कोंबड्यांचे डॉक्टर आज मोर्शीला गेले आहेत. मी शेळीवर राजी झालो. दूध किती देते, गाभण की भाकड, कानात बिल्ला आहे काय, या प्रश्नांची उत्तरं मी खालच्या आवाजात दिली, कारण मागे माझा एक माजी विद्यार्थी म्हैस घेऊन उभा होता आणि त्यानं मला ओळखलं होतं. आतल्या डॉक्टरांनी दोघांना तपासलं. कुत्रा ठणठणीत, शेळी ठणठणीत. मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, घरात कोणी तणावात आहे काय. आम्ही परत आलो ते प्रत्ययसाठी काही नाही आणि मला रक्तदाब तपासायचा सल्ला, एवढं घेऊन. दुसऱ्याच दिवशी मोबाईलवर संदेश आला की आपल्या शेळीच्या जंतनाशकाची तारीख जवळ आली आहे.

माझं डोकं चालेनासं झालं होतं, ते वेगळ्याच कारणानं. दिवसभर हे दोघं एकमेकांना काही करत नव्हते. छुटकी त्याच्या शेपटीवरून उडी मारून जायची, तो डोळे उघडायचासुद्धा नाही. वैर असेल तर ते चोवीस तास असायला हवं. सकाळी दहा आणि संध्याकाळी सात असं वेळापत्रक लावून कोणी वैर करत नाही, शाळेचे शिक्षक सोडले तर. आणि दर वेळी तो चार भुंक्या मारून शाबासकी मागितल्यासारखा का पाहायचा, हे तर मला मुळीच समजत नव्हतं.

तेराव्या दिवशी दुपारी मी गच्चीवर गेलो, तर तिथल्या उन्हाच्या पट्ट्यात दोघं पाठीला पाठ लावून झोपले होते. छुटकीचा पंजा त्याच्या कानावर होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवत नाही. मी पाय न वाजवता खाली आलो, आईला हात धरून जिना चढवला आणि तोंडावर बोट ठेवून दाखवलं. आईनं पाहिलं. तिचा चेहरा इतका खुलला की मला वाटलं, राहिली ही, आता कायमची राहिली. तिच्यानं राहवेना. ती अगदी हळू, पोटातून आलेल्या मायेनं म्हणाली, "छू... माही छू..."

प्रत्यय ताडकन उठला. छुटकी दोरीवरच्या पंच्याला लोंबकळली आणि पंच्यासकट शेजारच्या गच्चीत गेली. पंचा माझा होता.

आई जिना उतरली. संध्याकाळी तिनं कपाटाखालून पिशवी काढली आणि लुगड्याच्या घड्या घालायला बसली. मी समोर बसलो. मी पुष्कळ बोललो. न्हाणीबद्दल बोललो, त्या तासाबद्दल बोललो, मला अकोल्याचा फोन वाजला की कसं होतं तेही सांगितलं. शब्दांनी मिटत नाही असं काही नसतं, या माझ्या मताची ती शेवटची परीक्षा होती आणि मी नापास झालो.

"मले राहावं वाट्टे रे," आई म्हणाली. "दीपमाला चांगली हाये. पन त्या मुक्या जीवाले मी रोज भेवाडून जगवू काय? अन् तुह्या कुत्र्याले घराबाहेर काढ असं मी म्हननार नाई. तोही लेकरूच हाये. मंग उरलं कोन? मीच ना."

सोळाव्या दिवशी सकाळी दहाची गाडी होती म्हणून आदल्या संध्याकाळीच ऑटो सांगून ठेवला होता. ऑटो आला. पिशवी ओसरीवर, टोपली ओसरीवर, आई खुर्चीत. छुटकी आत कपाटावर चढून बसली होती. प्रत्यय अंगणात फाटकापाशी झोपला होता. आईनं टोपलीचं झाकण उघडलं आणि घराकडे तोंड करून मांजरीला बोलावलं, "छूऽऽ, चाल व माय, छूऽऽ."

प्रत्यय उठला. पण घरात आला नाही. तो सुसाट पळत भिंतीकडे गेला, जामाच्या झाडावर दोन पाय टेकवले आणि वर पाहून भुंकायला लागला. झाडावर कोणीही नव्हतं. चार भुंक्या झाल्या. मग मागे वळून शेपटी हलवत आईकडे पाहायला लागला.

भिंतीपलीकडून नत्थुजींचं डोकं वर आलं. त्यांनी झाडाकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

"जयभीम, इंदूबाई," ते म्हणाले. "जाम तं अजून कच्चे हायेत. वांदरं आलेच नाईत. तुमी त्याले छू काहून करून राहिल्या?"

ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं. दीपमाला दारात होती, तिनं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतो, मला समजायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. कुत्र्याला अंगावर सोडायचं असलं की 'छू' म्हणतात, हे महाराष्ट्रातल्या दूध पित्या पोरालाही माहीत आहे. नत्थुजींचा तो इशारा हाच होता. आणि केवलप्रयोगी अव्ययांचा धडा मी चोवीस वेळा शिकवलेला आहे. पंधरा दिवस, रोज दोन वेळा, माझ्या समोर ते अव्यय उच्चारलं जात होतं आणि मी सतरंज्या कापत होतो. घरात झाड नव्हतं, म्हणून तो बिचारा जे हलेल त्याला वांदर समजून हाकलत होता आणि कामगिरी झाल्यावर शाबासकी मागत होता.

आईनं टोपलीचं झाकण लावलं. 

"म्हंजे मीच लावून देत होतो त्याले," ती म्हणाली. "माह्या तोंडानं. जेवाले बलावतो म्हनून."

तिला फार लागलं होतं. तिनं प्रत्ययला जवळ बोलावलं, नुसता हात पुढे करून, शब्द न वापरता. तो आला आणि तिच्या पायाशी बसला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"या घरात माह्यं ऐकनारा एवढा एकच निंगाला," ती म्हणाली, "अन् त्यालेच मी सैतान म्हनत होतो."

मी पुढाकार घेतला. मी म्हटलं, आता प्रश्नच उरला नाही, मांजरीचं नाव बदलू. मी तिथल्या तिथे सात नावं सुचवली, त्यांत मृदुला, शलाका आणि मार्जारी ही होती. आईनं सगळी ऐकून घेतली.

"तिले तिचं नाव मालूम हाये," ती म्हणाली. "तिचं नाव काहून बदलाचं? तू मराठीचा मास्तर हायेस ना? शब्दाचा अर्थ बदल."

शब्दाचा अर्थ बदलायला दोन-तीनशे वर्षं लागतात, हे मी तिला सांगणार होतो. तेवढ्यात ती ऑटोवाल्याला म्हणाली, "भाऊ, आज नाई. आठ दिवसानं येजा." म्हणजे मुदतवाढ मिळाली. तिचा अर्जही तिनंच केला आणि मंजूरही तिनंच केला.

त्या दिवसापासून आई सकाळ-संध्याकाळ ओसरीवर बसायची, हातात तुपाची पोळी. "छू" म्हणायची आणि तुकडा प्रत्ययच्या तोंडात द्यायची. पहिल्या दिवशी तो तुकडा खाऊन झाडाकडे पळाला. दुसऱ्या दिवशी झाडाकडे पळून तुकड्यासाठी परत आला. चौथ्या दिवशी तो अर्ध्या अंगणात थांबला आणि दोन्हीकडे पाहत राहिला. त्याची मनःस्थिती मी ओळखली, माझी पंधरा दिवस तीच होती. सहाव्या दिवशी तो जागचा उठला नाही. आठव्या दिवशी आईनं दोन वाट्या शेजारी ठेवल्या आणि एकदाच म्हणाली, "छूऽऽ." कपाटावरून छुटकी आली, अंगणातून प्रत्यय आला. दोघं खाली माना घालून जेवले. छुटकीनं आपलं संपवून त्याच्या वाटीतही तोंड घातलं. तो बाजूला सरकला.

ऑटोवाला नवव्या दिवशी आला. आई झोपली आहे असं मी त्याला सांगितलं. ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती आणि तिनं ते ऐकलं, पण पुढची भाकरी थापायला घेतली. राहणार का, हे मी विचारलं नाही. पिशवी मात्र ओसरीच्या कोपऱ्यात तशीच होती आणि येता-जाता मला ती दिसायची.

डिसेंबरच्या एका रविवारी जाम पिकले. अकरा वाजता वांदरं आली, चौदा-पंधरा असतील. नत्थुजी खाटेवरून उठले आणि त्यांनी सबंध गल्लीला ऐकू जाईल असा आवाज दिला, "परत्या, छू, छू."

प्रत्यय डुलत डुलत घरात आला आणि स्वयंपाकघरात आपल्या वाटीपुढे बसला. मागोमाग छुटकी आली आणि त्याच्या शेजारी बसली. दोघांनी आईकडे पाहिलं. बाहेर नत्थुजी ओरडत होते, मी काठी घेऊन धावलो, एका वांदरानं माझ्या चष्म्यावर अर्धा जाम मारला. दहा मिनिटांत झाडावर फक्त पानं उरली.

नत्थुजी फाटक उघडून आत आले. ते चिडले होते आणि त्यांचं चुकत नव्हतं. "इंदूबाई, तीन वर्षं लागले मले त्याले शिकवाले. तुमी आठ दिवसात वाया घालवला."

आईनं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि समजूत घातली.

"रागावू नका, नत्थुजी. पुढच्या बहाराले त्याले दुसरा शब्द शिकवतो मी. तुमी फकत आतापासून ठरवून ठेवा, कोनता पायजे."

मी चष्मा पुसत होतो, तो तसाच थांबलो. पुढचा बहार म्हणजे पुढचा हिवाळा. वाक्य मी मनात दोनदा तपासलं. काळ भविष्य, कर्ता आई. दीपमालानंही ऐकलं होतं. तिनं ओसरीच्या कोपऱ्यातली पिशवी उचलली, आतली लुगडी कपाटात लावली आणि रिकामी पिशवी माळ्यावर टाकली.

नत्थुजी अजून शब्द ठरवत आहेत. दर दोन दिवसांनी एक नवा शब्द भिंतीवरून सुचवतात आणि आई तो नाकारते. परवा संध्याकाळी मोबाईलवर पुन्हा संदेश आला की आपल्या शेळीला कानात बिल्ला बसवून घ्यावा. मी तो आईला वाचून दाखवला. छुटकी तिच्या मांडीवर होती आणि प्रत्यय पायाशी.

"आता हे काय नवीन?" आई म्हणाली. "आपल्याकडं शेळीही हाये काय?"